आळस म्हणण्याआधी हिमोग्लोबिन बघा
तुमची चौदा वर्षांची मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी होते, असं तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय आणि त्यावर उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी मोबाइलला दोष दिलाय. असेलही, पण आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात मुलींचं १२ ग्रॅमच्या (दर १०० मिली रक्तात) खाली गेलं की रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया धरतात, आणि त्यानेही असा थकवा येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये तो आढळला. मुलगेही ३१ टक्के होते.

माझ्या लेकीचं ९.४ निघालं. त्याआधी सहा महिने मी तिला आळशी म्हणत होते, ते अजून टोचतं.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळतं म्हणून मुली टाकून देतात. ती उपाशीपोटी नाही, जेवणानंतर घ्यायची. शौचाला काळं होतं, हे तिला आधीच सांगा, नाहीतर पोरी घाबरतात. जेवणाला लागून चहा अजिबात नको, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू मात्र जरूर पिळा.

आणि पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल तर नुसत्या गोळीवर थांबू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.