सहा महिन्यांच्या बाळाचा डबा: नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

सातपूरची नवी आई

रजा संपली, सोमवारपासून पुन्हा कंपनी. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली हे चांगलंच झालं, पण २६ आठवडे म्हणजे जेमतेम सहा महिने. उष्टावण आणि पंचिंग एकाच आठवड्यात. त्यातून आठ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधी घेता येते. ती जिने घेतली तिचं बाळ तर अजून निव्वळ अंगावरच्या दुधावर असतं. आमचं लेकरू आता पाळणाघरात जाणार आणि त्याच्याबरोबर त्याचा डबा.

कृती नकोत. नाचणीची खीर आईने, सासूबाईंनी आणि शेजारच्या काकूंनी तीन तऱ्हांनी सांगून झाली आहे. मला त्याच्या पुढचं हवंय. डबा भरला कधी, उघडला कधी आणि उघडल्यावर आत काय सापडलं? घराबाहेर बाळाला भरवलेल्या कोणीही लिहा. बाबा-आजोबांनीसुद्धा.

पाळणाघरवाली मावशी, इंदिरानगर

तुम्ही डबे भरता, मी उघडते. म्हणून आधी मीच लिहिते.

साडेआठपर्यंत माझ्या ओट्यावर डब्यांची रांग लागते. भरवायची वेळ साडेअकराची. सगळा घोळ होतो तो या मधल्या वेळात. घरी छान पातळ असलेली खीर इथे उघडावी तर सुरीने वड्या पाडाव्यात अशी. नाचणी, रवा, तांदूळ, सगळ्यांची तीच गत, गार झालं की आळतं. मग ते पाणी घालून ढवळत बसा, गुठळ्या काही मोडत नाहीत. म्हणून मी आयांना सांगते, पातळ करून पाठवूच नका. मऊ, घोटलेलं, पण घट्ट पाठवा. मी गरम करून उकळलेल्या पाण्याने सैल करते. आईने अंगावरचं काढलेलं दूध पाठवलं असेल तर अन्न गरम करून कोमट झालं की त्यानेच सैल करते. ओळखीची चव लागली की नवीन बाळसुद्धा तोंड उघडतं.

आलेला डबा ओट्यावर राहत नाही, तडक फ्रिजमध्ये जातो. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की तासभरही पुष्कळ झाला. भाताचं तर मी कोणाचंच ऐकत नाही. भात बिघडला तरी कधीकधी वास येत नाही, चवही बदलत नाही, आणि त्यात एकदा विष तयार झालं की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. भरवायच्या आधी चांगली वाफ येईपर्यंत गरम करायचं, मग कोमट होऊ द्यायचं. नुसतं कोमट करून भरवलं तर गरम केल्याचा काही उपयोग नाही.

आता झाकणाबद्दल. चार बाजूंनी कड्या लागणारे प्लास्टिकचे डबे दिसतात झकास. त्यांच्या झाकणातली रबरी रिंग काढून बघितली आहे का कोणी? मी चमच्याच्या दांड्याने काढते. खाली खिरीचा पिवळट थर आणि काळे ठिपके. डबा रोज लख्ख घासलेला असतो, रिंगेला मात्र कोणी हात लावलेला नसतो. माझं मत विचाराल तर साधा, छोटा, फिरकीचा स्टीलचा डबा. सांडत नाही, वास धरत नाही, उकळत्या पाण्यात टाकता येतो. त्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहा. सगळ्यांचे डबे सारखेच असतात.

आणि उरलेलं परत पाठवा म्हणून हट्ट धरू नका. मी डब्यातून वाटीत थोडंच काढते, लागलं तर पुन्हा काढते. वाटीत उरलेल्यात चमच्याबरोबर लाळ गेलेली असते, ते टाकायचंच. किती खाल्लं ते चिठ्ठीवर लिहून देते: पाव वाटी, चार चमचे, थुंकलं.

पंचवटीतली आजी

आमच्या वेळी पाळणाघरं नव्हती, पण एसटी होती. थोरल्याला घेऊन वणीच्या गडावर निघालो तेव्हा पिशवीत फिरकीच्या तांब्यात उकळलेलं पाणी, तांब्याभोवती जुनं लुगडं गुंडाळलेलं, एका डबीत पोह्यांचं पीठ आणि दुसरीत साळीच्या लाह्यांचं. पोहे कोरडे भाजायचे, चुरचुरले की कुटायचे आणि मैद्याच्या चाळणीने चाळायचे. लाह्यांमधली तुसं निवडताना डोळे फुटतात, पण ते टाळून चालत नाही. एक तूस घशाला चिकटलं तर बाळ घर डोक्यावर घेतं. स्टँडच्या बाकावर बसायचं, वाटीत दोन चमचे पीठ, वरून गरम पाणी, वर झाकण. पाच मिनिटांत लुसलुशीत. थेंबभर तूप घरून डबीत नेलेलं असायचंच.

मुलींनो, हे पोहे, लाह्या नि मुरमुऱ्यांचंच जमतं, कारण त्यांना आधीच शिजवणी झालेली असते. खिमटाचं पीठ, म्हणजे तांदूळ आणि मूगडाळ भाजून दळलेलं, ते नुसत्या गरम पाण्यात कच्चंच राहतं. ते गॅसवर रटरटलंच पाहिजे. हल्ली सगळं एकाच नावाच्या पुडीत येतं म्हणून सांगते.

बाकी मिठाचा कण आणि गुळाचा खडा घातला तर काय बिघडतं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

परिचारिका, बालरुग्ण विभाग

आजी, पोह्यांच्या पिठाला शंभर मार्क. मिठाचं एवढंच की वर्षाच्या आत बाळाची मूत्रपिंडं कोवळी असतात आणि त्याला लागेल तेवढं मीठ दुधातून आणि साध्या अन्नातून जातंच. गूळ-साखरेने गोडाची चटक लागते, मग वरणाला तोंड फिरवतात. मध मात्र वर्षाच्या आत बोटावरसुद्धा चाटवू नका. त्यात काही वेळा असे जंतू असतात की लहान बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. उष्टावणाच्या दिवशी चाटवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

धागा काढणाऱ्या ताईंना: डबा फार मोठा घेऊ नका. सुरुवातीला दोन-तीन चमचेच, हळूहळू वाढवत आठ महिन्यांपर्यंत २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. बाकी अंगावरचं दूध चालूच. वरणाचं वरवरचं पाणी काढून पाठवू नका, त्याने नुसतं पोट भरतं आणि पोषण काहीच नाही. डाळ घोटून पाठवा, चमचा तिरका केला तर ओघळू नये इतपत दाट. सहा महिन्यांनंतर दुधातलं लोह पुरत नाही, तेव्हा डाळ, अंडं, पालेभाजी यांतलं काहीतरी रोज डब्यात असू द्या आणि वर लिंबाचे दोन थेंब. आंबटाबरोबर लोह अंगी लागतं.

पंचवटीतली आजी

बरं. माझ्या वाटणीचं मीठ मी वरून घेईन.

पंचवटी एक्स्प्रेसचा पासवाला

बाबांचा नंबर लागला का? माझी लेक आठ महिन्यांची असताना तिला घेऊन बायकोसकट मुंबईला जावं लागायचं. सकाळची पंचवटी, सीएसएमटीपर्यंत साधारण चार तास. पहिल्यांदा बायकोने सामानाची यादी दिली, त्यात किसणी होती. धावत्या डब्यात सफरचंद किसायला! कसारा घाटात गाडी वळणं घेत असताना मी किसणी धरून बसलो आणि समोरचे काका माझ्या बोटांकडे बघत बसले.

पुढच्या वेळेपासून वेलची केळी. सालासकट येतं, गराला हात न लावता सोलता येतं, चमच्याने तिथल्या तिथे कुस्करता येतं, आणि उरलेलं बाप खातो. जोडीला सालासकट उकडलेलं रताळं, पण ते निघताना उकडलेलं, रात्रीचं नव्हे. बास. डबा, थर्मास, किसणी, काही नको. ओल्या फडक्याची पिशवी मात्र दुप्पट न्या. रताळं गाडीच्या सीटवर वाळलं की खरवडून काढावं लागतं.

निफाडकडची, द्राक्षबागेवाली

आमच्याकडे उलटी गंमत. तुम्ही उन्हाने अन्न नासतं म्हणता, इथे थंडीने आळतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती खाली जातो ते पेपरात येतच असतं. त्याच दिवसांत बागेत मण्यांची विरळणी, बायका सकाळी सकाळी येतात, आणि घरात बाळाला सांभाळायला कोणी नसलं की बाळही बागेच्या कडेला झोळीत.

आमच्या ह्यांनी महागातला थर्मास आणला, तरी दहा वाजता वरणभात गार. थर्मासला दोष देऊन झाला. मग जावेने सांगितलं की थर्मास आतून गार असतो, अर्धी उष्णता तोच खातो. आता उठल्याबरोबर त्यात उकळतं पाणी भरून बूच लावते. वेणीफणी होईस्तोवर तसाच. पाणी ओतलं की लगेच चुलीवरून उतरलेला गुरगुट्या भात, अगदी काठोकाठ. वर मोकळी जागा राहिली की लवकर निवतो, आणि बाळापुरता भात एवढाच असतो, म्हणून थर्मास लहानातला लहान घ्यावा. उघडला की वाफ आली पाहिजे. नुसताच कोमट लागला तर तो भात मी खाते, बाळाला केळं.

दोन गोष्टी बागायतदारांसाठी. फवारणीच्या दिवशी बाळ आणि डबा दोन्ही घरी, मग कामाचं काय व्हायचं ते होवो. वेलीवरचा मणी तोडून कौतुकाने बाळाच्या हातात देणारे पाहुणे दर मोसमात येतात, त्यांना सरळ हटकायचं. मणी गोल, गुळगुळीत, नेमका बाळाच्या श्वासनळीत बसणारा. माझी पोरगी खायला लागली तेव्हा मी धुऊन, उभे चार काप करून, बी काढून दिले. आडवा कापला तरी तो गोलच राहतो, उभाच कापायचा. डाळिंबाचे दाणेही चिरडूनच.

अंबडची नोकरदार

पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा, असं त्याच २०१७ च्या दुरुस्तीने आलंय. आमच्याकडे खोलीवर पाटी आहे, आत जुन्या फायली. आम्ही चौघींनी मिळून लेखी अर्ज दिला, आता निदान फायली हलल्यात. ताई, तुमच्याकडे माणसं किती ते आधी बघा. जवळ सोय झाली तर निम्मा डबा वाचतो, कारण एक खेप तुम्ही स्वतः पाजू शकता.

देवळाली कॅम्प

अंडं लिहायला सगळे कचरतायत, मी लिहिते. उकडलेलं अंडं कवचासकट न्यावं, पिवळं पूर्ण घट्ट झालेलं. तिथे सोलून पिवळं कुस्करायचं, दुधाचे चार थेंब, संपलं. पहिल्यांदा मात्र घरी, सकाळच्या वेळी, चिमूटभर द्यायचं आणि पुरळ किंवा उलटी होते का ते बघायचं. नवीन पदार्थ कधीही पाळणाघराच्या डब्यातून पहिल्यांदा पाठवू नये.

पाळणाघरवाली मावशी, इंदिरानगर

हे शेवटचं वाक्य मी दारावर चिकटवणार आहे.

पेठ रस्त्याची बाई

मी शाळेत शिकवते, रोज नाशिकहून पेठकडे जाते, दोन वर्षांपूर्वी बाळाला सोबत नेत होते. आमच्या पेठ-सुरगाण्याला नागली म्हणजे घरचं धान्य. (शहरात नाचणी म्हणतात, तीच.) तिथल्या आयांकडून शिकले ते सांगते.

नागली रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. थंडीत दोन दिवस लागतात, उन्हाळ्यात एक दिवसही पुरतो. पांढरे बारीक मोड दिसले की सुती कापडावर सावलीत खडखडीत वाळवायची, हातावर चोळून मोड झाडायचे, मंद आचेवर जराशी परतून दळायची. फायदा डब्यात दिसतो. मोडामुळे पिठातलं पिष्ट तुटतं, म्हणून पेज कमी आळते. साध्या पिठाच्या दोन चमच्यांत जो गोळा होतो, तेवढ्याच पाण्यात मोडाचं पीठ जास्त घातलं तरी चमच्यावरून सरकतं. म्हणजे त्याच छोट्या वाटीतून बाळाच्या पोटात जास्त जातं. कॅल्शियमचं काय सांगायचं, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तांदूळ-गव्हात त्याच्या पासंगालाही नाही.

मी घरून पेज शिजवून थर्मासात नेत असे. प्रवासात आळलीच तर तिथे पाणी उकळून सैल करायची.

पंचवटीतली आजी

बाई, दळायचं कुठे? आमच्या गिरणीवाल्याने मागे नागली हरभऱ्याच्या मागून दळली, पिठाला पिवळी झाक आली होती.

पेठ रस्त्याची बाई

आजी, घरघंटी असेल तर उत्तम. नसेल तर गिरणी उघडल्या उघडल्या जायचं आणि सोबत दोन मुठी तांदूळ न्यायचे. आधी तांदूळ टाकायला सांगायचे, जात्यात आदल्या दिवशीचं जे काही अडकलेलं असेल ते त्यात निघून येतं. ते पीठ मोठ्यांच्या घावनांना वापरायचं, मग बाळाची नागली. जिथे मिरची-हळद कांडतात त्या गिरणीत मात्र अजिबात नाही, कितीही तांदूळ टाकले तरी.