‘तळागाळातले आयोजक’ आणि ‘काळा पैसा’

खाडाखोड

न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, यावरून जून २०२५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात पुरोगामी ममदानी आणि माजी गव्हर्नर कुओमो यांच्यात जी चुरस झाली, तिच्यावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय. लेख होत आला, पण एका वाक्याशी दोन दिवस झटापट चालू आहे. पहिल्या खर्ड्यात ते असं उतरलं:

“पुरोगामी उमेदवाराच्या तळागाळातील आयोजकांनी प्राथमिक निवडणुकीत लहान देणगीदारांच्या बळावर काळ्या पैशाचा पराभव केला.”

वाक्य गुळगुळीत आहे. वर्तमानपत्रात कुणी हटकणार नाही. पण मूळ लेखाशी ताडून पाहिलं की एकेक शब्द वेडावून दाखवतो. ‘पुरोगामी’ सोडला तर बाकी सगळ्यांवर माझा संशय आहे. इथल्या चर्चेतल्या जाणकारांनी हात द्यावा.

रानजाई

‘पुरोगामी’ राहू द्या. ‘प्रगतिशील’ आपल्याकडे शेतकऱ्याच्या नावाआधी शोभतो, राजकारणात तो हिंदीतून आल्यासारखा वाटतो. ‘उदारमतवादी’ मात्र करू नका, तिकडे ते वेगळे आणि हे वेगळे. दोघे एकाच पक्षात नांदतात आणि भांडतात. अमेरिकन काँग्रेसमध्ये पुरोगाम्यांचा स्वतंत्र गट १९९१ पासून आहे, बर्नी सँडर्स त्याच्या संस्थापकांपैकी.

‘प्राथमिक निवडणूक’ वाचून पाटी-पेन्सिल डोळ्यांसमोर येते. ‘पक्षांतर्गत निवडणूक’ म्हणा. न्यूयॉर्कमध्ये तर ते चपखल आहे, कारण पक्षाचा मतदार म्हणून नोंद असेल त्यालाच तिथे मत देता येतं. काही राज्यांत कुणीही जाऊन मत देऊ शकतो, तिथे हा शब्द जरा लंगडतो. पण तुमचा लेख न्यूयॉर्कचा आहे.

आता ‘आयोजक’. हा शब्द दिसला की मला फलक दिसतो, त्यावर सतरा फोटो, आणि शेवटी आभारप्रदर्शन. १९८५ साली ओबामा शिकागोत जे काम करायला गेले, त्याला आपल्याकडे कित्येकांनी ‘समुदाय आयोजक’ लिहिलं. वाचणाऱ्याला वाटावं की स्नेहसंमेलनं भरवत होते! त्या कामाची चाल शिकागोतच पडली. १९३९ मध्ये सॉल अलिन्स्की कत्तलखान्यांच्या मागच्या कामगार वस्तीत शिरला. लोकांना काय सलतं ते ऐकायचं, वस्तीत कुणाच्या शब्दाला वजन आहे ते हेरायचं, त्या माणसाला पुढे करायचं आणि आपण मागे सरायचं. या माणसाला मराठीत शब्द आहे: संघटक. चांगला, वापरातला शब्द आहे. यंत्राने भाषांतर केलं की तोच नेमका गळतो.

पूर्वकिनारा

रानजाईंशी सहमत. एक पुस्ती जोडते.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मोहिमांमध्ये दोन कामं वेगळी मानतात. एक, जे आधीच आपले आहेत त्यांना सभेला, मतदानाला बाहेर काढणं. दुसरं, जे आपले नाहीत त्यांच्याशी नातं बांधणं आणि त्यांच्यातूनच पुढचे पुढारी घडवणं. इंग्रजीत दोन्हींना स्वतंत्र शब्द आहेत, मराठीत लोक दोन्हींना ‘संघटन’ म्हणून मोकळे होतात. मी माझ्यापुरती जोडी ठरवली आहे: माणसं जमवणं आणि माणसं जोडणं. नागरी हक्क चळवळीतल्या एलाबाई बेकर १९६० च्या आसपास दक्षिणेतल्या काळ्या विद्यार्थ्यांना जे शिकवत होत्या ते जोडणं. निवडणुकीच्या आदल्या शनिवारी वीस हजार फोन लावायचे, ते जमवणं. पैसा जमवण्याला फार मदत करतो, जोडण्याला त्या मानाने कमी.

आणि ‘दारोदार प्रचार’ लिहू नका, ‘घरोघरी’ लिहा. दारोदार भिक्षेकरी फिरतो, नाहीतर नोकरी शोधणारा. (तिसऱ्या मजल्यावरचं अकरावं दार तोंडावर बंद झालं की फरक फारसा उरत नाही, पण ते असो.)

बोरूबहाद्दर

‘तळागाळ’ हा या वाक्यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे, आणि त्याला कोणीच हात लावलेला नाही.

तळागाळ म्हणजे तळाचा गाळ. समाजाच्या उतरंडीत सगळ्यांत खाली दाबले गेलेले लोक. तो वर्गवाचक, जातवाचक शब्द आहे आणि त्यात कणव मिसळलेली आहे. इंग्रजी ‘ग्रासरूट्स’मध्ये कणव नाही आणि गरिबीही नाही. नेते, दाते, सल्लागार यांच्या वर्तुळाबाहेरची जी साधी माणसं आहेत, तिथून सुरू झालेलं ते ‘ग्रासरूट्स’. ती माणसं प्राध्यापक असू शकतात, नर्स असू शकतात, भाड्याच्या खोलीत राहणारे पदवीधर असू शकतात. न्यूयॉर्कच्या त्या मोहिमेत घरोघरी फिरणारे किती जण तळागाळातले होते? त्यांना ‘तळागाळातील’ म्हटलं तर तेच आधी चमकतील.

शब्दाचा इतिहास गमतीचा आहे. १८७४ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक हिल्स डोंगरांमध्ये सोनं सापडल्याच्या बातम्या आल्या. तिथे गवताच्या मुळांपासूनच सोनं लागतं, अशी वर्णनं शिकागोच्या वर्तमानपत्रात छापून आली. म्हणजे खोल खणायला नको, गवत उपटलं की सोनं. पुढे १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षातून फुटून पुरोगामी पक्ष काढला. त्याच्या अधिवेशनात माजी सिनेटर बेव्हरिज म्हणाले की हा पक्ष गवताच्या मुळांतून, लोकांच्या खडतर गरजांच्या मातीतून उगवला आहे. राजकारणातला हा अर्थ रुळला तो तिथून, आणि ‘पुरोगामी’ व ‘ग्रासरूट्स’ यांची गाठ पहिल्या दिवसापासूनची आहे. आज देणगी मागणारा प्रत्येक ईमेल स्वतःला ग्रासरूट्स म्हणवतो. शब्द फिरून सोन्याकडे आला म्हणायचा.

खाडाखोड

वा! मग लिहू काय? ‘तृणमूल’?

बोरूबहाद्दर

बंगाल्यांनी शब्दशः केलं आणि १९९८ मध्ये पक्षालाच नाव देऊन टाकलं. मराठीत ‘तृणमूल’ म्हटलं की तो पक्षच डोळ्यांसमोर येतो. शब्द हातचा गेला.

एकच प्रतिशब्द शोधू नका. विशेषण असेल तिथे ‘लोकांतून उभी राहिलेली’, काम असेल तिथे ‘वस्तीपातळीवरचं’, माणसं असतील तिथे ‘वस्तीवस्तीतले’. ‘जमिनीवरचे कार्यकर्ते’ही चालतं, पण त्यात ‘कार्यकर्ता’ येतो आणि ती नवी डोकेदुखी.

उलट शब्दही लागेल तुम्हाला. पैसे देऊन उगवलेल्या ‘लोकभावने’ला तिकडे कृत्रिम हिरवळीच्या ब्रँडवरून ‘ॲस्ट्रोटर्फ’ म्हणतात. टेक्ससचे सिनेटर लॉइड बेंट्सन यांनी १९८५ मध्ये आपल्या टेबलावरच्या पत्रांच्या ढिगाला तसं म्हटलं होतं. पत्रं विमा कंपन्यांच्या फायद्याची, सह्या मात्र ‘सामान्य नागरिकां’च्या. ‘भाडोत्री लोकमत’ कसं वाटतं?

पूर्वकिनारा

भाडोत्री लोकमत! घेतला.

‘कार्यकर्ता’ची डोकेदुखी खरी आहे. कार्यकर्ता म्हटला की पक्षाला वाहिलेला, वर्षाचे बारा महिने. इथे रविवारी तीन तास येऊन परत न दिसणारी माणसं हजारोंनी असतात. ‘स्वयंसेवक’ अर्थाने नेमका, पण मराठी कानाला त्याचा एक ठरावीक पक्षीय नाद ऐकू येतो. तरी मी तोच वापरते. संदर्भ अमेरिकेचा असला की तो नाद आपोआप विरतो.

जाता जाता: व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मंडळींना इथल्या उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाचे पैसे घेणं कायद्याने बंद आहे. पण बिनपगारी घरोघरी फिरायला मोकळीक आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी वेळ आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी.

रानजाई

आता पैशाकडे. ‘लहान देणगीदार’ मला खटकतो. आधी तर तो बालदेणगीदार वाटतो.

मराठीत देणगी आणि वर्गणी यांत फरक आहे. देणगी वरून खाली येते. देणारा मोठा, घेणारा उपकृत, भिंतीवर संगमरवरी पाटी. वर्गणी आडवी जाते. काम सगळ्यांचं, त्यात माझा हा वाटा. देणगीदाराचे आभार मानतात, वर्गणीदार हिशेब विचारतो. मासिकाची वर्गणी भरून अंक आला नाही तर आपण भांडतोच की. सँडर्स २०१६ मध्ये सभांतून ‘सरासरी सत्तावीस डॉलर’ असा गजर करायचे आणि लोक आकडा पुरा करायचे, त्यामागची भावना देणगीची नव्हती, वर्गणीची होती. आणि आपल्याकडे तयार शब्द आहे: लोकवर्गणी. शाळा, विहिरी, पुतळे या शब्दावर उभे राहिले आहेत.

बोरूबहाद्दर

शब्द सुंदर आहे, पण दोन शंका. एक, वर्गणीत थोडी सक्तीही असते. पावतीपुस्तक घेऊन पाच जण दारात उभे राहिले की नाही म्हणणं अवघड. दोन, ती सरासरी प्रत्येक वेळच्या रकमेची होती, माणशी नव्हे. तोच माणूस दरमहा सत्तावीस देत राहिला तर वर्षाचे तीनशेच्या वर होतात.

रानजाई

दुसरी शंका माझ्याच बाजूची आहे बोरूबुवा! दरमहा ठरावीक रक्कम म्हणजे वर्गणीच. पहिली मान्य. पण रात्री अकराला ‘आता सगळं संपलं, तुम्हीच वाचवा’ अशा मथळ्याचे ईमेल येतात, ती पावतीपुस्तकवाल्यांचीच भावंडं. शब्दासोबत सक्तीही आली, तर बिघडलं कुठे?

पूर्वकिनारा

‘लहान’ म्हणजे किती, याला कायद्याचा आकडा आहे तो सांगते. केंद्रीय निवडणुकांत एकाच माणसाची एकूण रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की उमेदवाराला त्याचं नाव, पत्ता, धंदा, मालक जाहीर करावा लागतो. त्याखालचे ते लहान. वरची मर्यादा दर दोन वर्षांनी सरकते, २०२५-२६ साठी ती दर निवडणुकीला ३,५०० डॉलर आहे. ॲक्टब्लू ही २००४ पासूनची संस्था उमेदवारांसाठी हे पैसे गोळा करून पुढे पोचवते. गंमत म्हणजे मध्यस्थ असल्यामुळे तिला पाच डॉलरवाल्याचंही नाव द्यावं लागतं. दर रकमेमागे ३.९५ टक्के कापले जातात, तेव्हा लोकवर्गणीही फुकट गोळा होत नाही.

न्यूयॉर्क शहराचा मामला निराळा. तिथे शहरवासीयाने दिलेल्या पहिल्या २५० डॉलरपर्यंत शहराच्या तिजोरीतून आठपट भर पडते. दहा दिले तर वर ऐंशी. बदल्यात उमेदवाराने खर्चाची मर्यादा पाळायची. म्हणूनच २०२५ च्या मार्चमध्ये ममदानींनी लोकांना सांगितलं की आता पैसे पाठवू नका, त्याऐवजी प्रचाराला या. मराठीत कुणी याला ‘जुळणी निधी’ लिहितं, त्याने काहीच कळत नाही. ‘आठपट भर’ लिहा.

खाडाखोड

‘आठपट भर’ लगेच घेतलं. बड्या लोकांकडून चेक गोळा करून गठ्ठ्याने उमेदवाराला देणाऱ्या मध्यस्थाला काय म्हणू? मी ‘गठ्ठेदार’ असा शब्द पाडलाय.

बोरूबहाद्दर

गठ्ठेदार कापडबाजारातला वाटतो. ‘मोट बांधणारा’ म्हणा. आपण आघाड्यांची मोट बांधतो, तशी इथे चेकांची. मोट म्हणजे मुळात गाठोडंच.

आता ‘काळा पैसा’, कारण तिथे अर्थाचा अनर्थ होतोय. काळा पैसा म्हणजे कर चुकवलेला, हिशेबाबाहेरचा, बेकायदा पैसा. अमेरिकेतला ‘डार्क मनी’ पूर्णपणे कायदेशीर असतो. कर भरलेला, बँकेतून आलेला, फक्त देणारा कोण ते सांगण्याचं बंधन नाही. काही बिननफा संस्थांना आपल्या देणगीदारांची नावं उघड करावी लागत नाहीत, त्या वाटेने तो येतो. इंग्रजीतलं ‘डार्क’ म्हणजे अंधारातलं, रंगाने काळं नव्हे. ‘निनावी पैसा’ नेमका होईल. ‘गुप्तदान’ अर्थाने आणखी जवळचा, पण मराठीत ते पुण्यकर्म आहे. उपहासाने एकदा वापरून घ्या.

पूर्वकिनारा

पण थांबा. ‘निनावी’ लिहिलंत तरी या वाक्यात ते चूकच ठरेल.

कुओमोंच्या बाजूने जो पैसा ओतला गेला, तो मुख्यतः एका सुपर पॅकचा, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या समितीचा होता, दोन कोटी डॉलरच्या वर. सुपर पॅक निनावी नसतात, दात्यांची नावं त्यांना जाहीर करावीच लागतात. अब्जाधीश माजी महापौर ब्लूमबर्ग यांनी एकट्याने ८० लाखांहून जास्त दिले हे सगळ्या शहराला माहीत होतं. सुपर पॅकची ख्याती वेगळी आहे. २०१० मध्ये आधी सुप्रीम कोर्टाचा सिटिझन्स युनायटेडचा निकाल आला आणि पाठोपाठ खालच्या कोर्टाने त्याच धर्तीवर निकाल दिला, तेव्हापासून त्यांच्यावर रकमेची मर्यादा उरली नाही. अट एवढीच की उमेदवाराशी संगनमत करायचं नाही. मग उमेदवार आपल्या संकेतस्थळावर लाल चौकटीत ‘मतदारांना हे कळायला हवं’ असं लिहून ठेवतात आणि पॅकवाले ते वाचतात. संगनमत कुठे झालं?

तेव्हा तिथला पैसा झाकलेला नव्हता, फक्त अफाट होता.

रानजाई

मग ‘धनदांडगे’. त्यात पैसा आहे आणि पैशाची दांडगाईही. लपण्याचा प्रश्नच नाही.

खाडाखोड

तर मग असं:

“पुरोगामी उमेदवाराच्या वस्तीवस्तीतल्या संघटकांनी पक्षांतर्गत निवडणुकीत लोकवर्गणी आणि तिच्यावरची आठपट भर यांच्या बळावर धनदांडग्यांच्या पैशाला मात दिली.”

बोरूबहाद्दर

उत्तम. ‘मात दिली’ हिंदी आहे. ‘मात केली’ करा, म्हणजे ‘पैशावर मात केली’.

खाडाखोड

केलं.