लॅब, जिम्नी आणि भाटघरचं बॅकवॉटर: दोन रात्री तंबूत जमेल का?

भोपळ्याची_आई

मंडळी, सल्ला हवाय. ओरडा पडला तरी चालेल.

आमच्याकडे भोपळ्या आहे. लॅब्राडॉर कुत्रा, साडेसहा वर्षांचा, वजन 36 किलो (डॉक्टर म्हणतात 32 हवं, मग आम्ही विषय बदलतो). पाणी दिसलं की याचे कान बंद. गेल्या वर्षी जिम्नी (मारुतीची छोटी फोर बाय फोर) घेतली. तिने आजवर कोथरूडचे खड्डे आणि एकदा ताम्हिणीतला चिखल, एवढंच जग पाहिलंय. नवरा रोज रात्री मोबाईलवर लोकांच्या गाड्या नदीत उतरताना बघतो आणि सुस्कारे सोडतो.

बेत असा आहे: जानेवारीत शुक्रवारी दुपारी निघायचं, कापूरहोळवरून भोर, तिथून भाटघर धरणाच्या कडेने वेळवंडी नदीच्या काठाकाठाने पसुऱ्याच्या बाजूला. पाण्याजवळ बरी जागा दिसली की गाडी खाली उतरवायची आणि तंबू ठोकायचा. पवना धरणाला एकदा जाऊन आलो. तिथे तंबूंची चाळ, रात्री दोनपर्यंत डीजे आणि वर "कुत्र्याचे वेगळे पडतील मॅडम". (भोपळ्याने शेजारच्या तंबूतलं चिकन पळवलं, तो भाग मी गाळतेय.)

विचारायचं ते हे. जानेवारीत काठ उघडा पडलेला असतो का? गाडी खाली नेली तर कुणी हटकतं का? बिबट्याचं काय? भोपळ्या तंबूत आमच्या दोघांच्या मधे झोपतो. आणि याला पाण्यात सोडावं का? "नाही" म्हणणाऱ्यांनी याला पट्ट्याने धरून दाखवावं.

खटारा_फोर_बाय_फोर

नवऱ्याला सांगा, गाडी पाण्यात घालायचं डोक्यातून काढ. 2023 च्या डिसेंबरात लाहौलमध्ये एकाने थार चंद्रा नदीतून हाकली, तो व्हिडिओ देशभर फिरला आणि पोलिसांनी 3500 रुपयांची पावती फाडली. जिम्नी तर थारपेक्षा बरीच कमी पाण्यात उतरू शकते, कंपनीच 300 मिलिमीटर सांगते. म्हणजे जेमतेम एक वीत आणि वर चार बोटं.

दुसरं, एकटी गाडी असेल तर ओढायचा पट्टा, फावडं आणि हवा भरायचा पंप घेतल्याशिवाय डांबर सोडू नका. गोट्यांवर टायरची हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवा, परत वर आलात की आधी भरा आणि मग भोरकडे निघा. बाकी तिथलं कुणीतरी सांगेल.

वेळवंडीकर

तिथलाच आहे, सांगतो. नोकरीला पुण्यात असलो तरी घर काठावर. पणजोबांचं शेत भाटघरच्या पाण्याखाली गेलं, ते कुठे होतं हे आजी पाण्याकडे बोट करून दाखवायची.

ताई, तुम्ही "बरी जागा" म्हणताय ती बहुतेक कुणाची तरी गाळपेर असेल. पावसाळ्यात धरण भरतं. मग कालव्याला आवर्तनं (पाळीपाळीने पाणी) सुटतात, पाणी हळूहळू मागे सरकतं आणि खालची गाळाची जमीन उघडी पडते. ती जमीन सरकारी, पण काठची माणसं तिच्यात हरभरा, घेवडा, कुठे ज्वारी करतात. जशी जमीन मोकळी होईल तसं पेरतात, म्हणून एकाच उतारावर वरचा हरभरा घाट्यात आलेला आणि खालचा बोटभर असतो. तो बोटभर हरभरा गाडीच्या काचेतून गवतासारखा दिसतो. मागच्या वर्षी दोन गाड्यांनी आमच्या चुलत्यांच्या वाफ्यात गोल गोल चकरा मारल्या, ड्रोन उडवला आणि गेले. चुलते दुसऱ्या दिवशी चाकोरीत बसून मोडलेली रोपं उभी करत होते. ती उभी राहत नाहीत, पण माणूस करतो. तर हटकतं का, याचं उत्तर: हो.

जिथे पेरलेलं नाही तिथे का नाही, हे जास्त महत्त्वाचं. पाणी नुकतंच सरकलेली जागा वरून वाळते, भेगा पडतात, पापडासारखी दिसते. खाली काळा गाळ, श्रीखंडासारखा. माणूस चालून जातो, गाडी पुढची दोन चाकं टाकते आणि पोटावर बसते. मग फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) लावा नाहीतर नवस बोला. आधी पायी उतरा. टाच जोरात मारा. टाचेच्या खड्ड्यात पाणी झिरपलं तर तिथून मागे फिरा. रात्री ट्रॅक्टर बोलवायचा म्हणजे कुणाला तरी ताटावरून उठवायचं, आणि तो उठतो हीच अडचण आहे.

धरणाजवळ थांबू नका, वरच्या अंगाला जा, जिथे बॅकवॉटर संपून परत नदी लागते. तिथे मुरूम आणि गोटे आहेत, गाडीला तेच बरं. कांबरेश्वराचं देऊळ बघायचं मनात असेल तर जानेवारीत ते पाण्यातच असतं, उन्हाळ्यात धरण आटलं की वर येतं.

आता कुत्रं. पाण्यात सोडा, पण दहा ते चार. संध्याकाळी जाळी लावतात आणि पहाटे काढतात. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजा. मागे एकाचा कुत्रा त्यात अडकला, जितकं ओढायचा तितकं जाळं पायात. आमच्या मधूने ट्यूबवर जाऊन विळीने कापून काढला. कुत्रा वाचला, जाळं गेलं आणि मालक "थँक यू" म्हणून गेला. जाळ्याला पैसे पडतात हो.

तंबू पाण्याशी नको, वस्तीजवळ ठोका. कुणाच्याही खळ्यात विचारा. पिठलं-भाकरी मिळेल. पैसे नको म्हणतील, तरी द्या. शेकोटी खळ्यातच करा, गवतात नको. एक ठिणगी पडली तर वणवा डोंगर चढतो.

डॉ_शेपूट

कुत्र्यामांजरांचा डॉक्टर आहे, म्हणून तेवढंच बोलतो.

बिबट्याबद्दल: भोपळ्या तंबूत नाही, गाडीत झोपेल. यावर वाद नको. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांचा अभ्यास 2014 मध्ये छापून आला, त्यात त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला होता. तंबूचं कापड म्हणजे त्याच्या दृष्टीने पुडा. काचा बोटभर खाली ठेवा. रात्री शी-शूला नेताना आखूड पट्टा, हातात टॉर्च, आणि दोघांनी जायचं.

साचलेलं पाणी आणि चिखल म्हणजे उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार). वर्षाची लस झालीय का बघा. तारीख बरीच उलटून गेली असेल तर पुन्हा दोन डोस लागतात, म्हणजे आत्ताच फोन करा, निघायच्या आदल्या दिवशी नको. गोचिडाची गोळी वेळेवर. परत आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली हात फिरवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत खाणं सोडलं किंवा ताप आला तर थांबू नका.

लॅबवाल्यांना कुणी सांगत नाही ते एक: पाण्यात पुन्हा पुन्हा काठी फेकलीत तर प्रत्येक खेपेला तो पाणी गिळतो. पोट फुगलं, उलटी झाली, झिंगल्यासारखा चालायला लागला तर ती दमणूक नव्हे, रक्तातलं मीठ पातळ झालेलं असतं. सरळ दवाखाना. दहा मिनिटं खेळ, दहा मिनिटं बाहेर. आणि चपटं खेळणं फेका, चेंडू नको. चेंडूला तोंड जास्त उघडावं लागतं.

भोपळ्याची_आई

जाऊन आलो! लस घेतली, पट्टा घेतला, फावडं घेतलं (नवऱ्याने फावड्यासोबत फोटो काढला).

टाच मारून बघायचा सल्ला लाखमोलाचा. नवऱ्याला एक जागा फार आवडली होती, एकदम मैदान. मी उतरून टाच मारली. बूट आत राहिला, पाय बाहेर आला. पापडाखाली इतकं थंडगार काहीतरी असेल असं वाटलं नव्हतं. बूट काढायला फावडं वापरलं, तेवढाच त्याचा उपयोग. मग वर गेलो, गोट्यांवरून फोर लोमध्ये दीडशे-दोनशे मीटर गुरगुरत पात्रापर्यंत, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर लग्नात नव्हता तेवढा आनंद.

तंबू एका मावशींच्या खळ्यात. बाटल्यांची ओळ दिसली, त्याच्या अलीकडेच भोपळ्याला पोहायला सोडलं, घड्याळ लावून. गावातल्या कुत्र्यांनी पहिल्या दहा मिनिटांत त्याला त्याची जागा दाखवली. नंतर सगळे एकत्र चुलीशी. मावशींनी त्याला भाकरी घातली आणि मला म्हणाल्या, "जाडा आहे, पण गुणी आहे." हे मी आमच्या डॉक्टरांना सांगणार नाहीये.

घात दुसऱ्या संध्याकाळी झाला. पाच मिनिटं पट्टा सोडला. काठावर एक मेलेला चिलापी मासा पडला होता, किती दिवसांचा ते देव जाणे. भोपळ्या त्याच्यावर आधी मान, मग खांदा, मग अख्खी पाठ घासून, चारी पाय वर करून लोळला. इतकं समाधान मी कुठल्याच प्राण्याच्या तोंडावर पाहिलेलं नाही. अंधार पडला होता, पाणी बर्फ. मावशींनी बेसन लावून चोळायला दिलं, दोन बादल्या गरम पाणी दिलं. वास थोडा मऊ झाला, गेला नाही. आणि रात्री, डॉक्टरांच्या हुकुमावरून, तो गाडीत. काचा बोटभर खाली. पहाटे चारला मावशींचे कुत्रे एकदम डोंगराकडे तोंड करून भुंकायला लागले, मग एकदम गप्प झाले, आणि मला त्या बोटभर फटीचाही धसका बसला.

आज आठवा दिवस. भोपळ्या ठणठणीत. गाडीत बसवत नाही. मागच्या सीटचं कापड धुतलं, सोडा टाकून झाला, उन्हात उभी करून झाली. उन्हात जास्तच येतो. कुणाला काही माहीत आहे का?

डॉ_शेपूट

सोडा रात्रभर ठेवून व्हॅक्युम केलात का, की नुसता भुरभुरलात? सीटचा पट्टाही काढून धुवा, वास तिथे बसतो. फिनाईल अजिबात नको, तो चाटेल.

खटारा_फोर_बाय_फोर

विकायची असेल तर जिम्नीची किंमत सांगा. मला सर्दी आहे.

वेळवंडीकर

जिच्या खळ्यात राहिलात ती माझी आत्या. बूट कुणाचा ते आत्ता कळलं, टाचेचा तुकडा अजून गाळात आहे. खळ्यात भोपळ्याची लाल वाटी राहिलीय. रविवारी पुण्याला येताना घेऊन येतो, तुमच्या चौकात फोन करेन. गाडीत बसणार नाही, बाहेरूनच देईन.