पीसी-7 आणि एचटीटी-40: इंजिनात नेमका फरक काय?

उंचभरारी: पीसी-7 मार्क 2 या विमानात पीटी6ए-25सी इंजिन, 700 अश्वशक्ती. एचटीटी-40 विमानात टीपीई331-12बी, 1,100 च्या वर्गातलं. दोन्ही टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरवणारी), दोन्ही प्राथमिक प्रशिक्षणासाठी. फरक फक्त ताकदीचा, की हाताळणीतही काही वेगळं आहे?

गरमटोक: ताकदीचा आकडा बाजूला ठेवा, रचनाच वेगळी आहे. पीटी6 मध्ये कॉम्प्रेसर फिरवणारं टर्बाइन आणि पंखा फिरवणारं टर्बाइन यांच्यात यांत्रिक जोड नाही. मधे फक्त गरम वायू. टीपीई331 मध्ये सगळं एकाच शाफ्टवर, गिअरबॉक्समार्गे थेट पंख्यापर्यंत. उड्डाणात फेरे जवळपास कायम 100 टक्क्यांवर असतात, त्यामुळे लिव्हर पुढे केला की पात्यांचा कोन आणि इंधन वाढतं आणि ओढ लगेच मिळते. पीटी6 ला आयडलवरून (सर्वांत कमी ताकदीवरून) कॉम्प्रेसरचे फेरे चढवायला काही सेकंद लागतात. उतरताना ऐनवेळी परत उठायचं झालं तर हा उशीर शिकाऊ वैमानिकाला जाणवतो.

आणि 700 हा आकडा मुद्दाम बांधलेला आहे, -25सी मुळात 750 चं आहे. उन्हाळ्यात किंवा उंचीवर हवा विरळ झाली तरी त्या मर्यादेपर्यंतची ताकद काही काळ टिकते.

हँगरवाला: जमिनीवरचा फरक मोठा. पीटी6 बंद केलं की तेलाचा दाब जातो आणि पाती आपोआप फेदरमध्ये (कडा वाऱ्याकडे, अवरोध सर्वांत कमी) जातात. सुरू करताना स्टार्टरवर फक्त कॉम्प्रेसरचा भार, म्हणून ते चालतं. टीपीई331 मध्ये स्टार्टरला पंखाही ओढायचा असतो. म्हणून बंद करताना फेरे उतरत असताना लिव्हर रिव्हर्सकडे (उलट ओढीकडे) ओढून धरतात, म्हणजे पाती अडकवणारे स्टार्ट लॉक बसतात आणि पाती सपाट राहतात. हे विसरलात तर पाती फेदरमध्ये. मग पुढच्या वेळी आधी अनफेदर पंप चालवा. तसंच रेटलं तर फेरे चढत नाहीत आणि तापमान चढतं. सुरू झाल्यावर रिव्हर्सकडे नेऊन लॉक सोडवायचं राहिलं, तर विमान जागेवरून हलणार नाही.

उंचभरारी: मग पीटी6 मध्ये हॉट स्टार्ट, म्हणजे सुरू करताना इंजिन प्रमाणाबाहेर तापणं, का होतो?

हँगरवाला: बहुतेक वेळा बॅटरी. कॉम्प्रेसर साधारण 12-13 टक्क्यांवर स्थिरावायच्या आत इंधन दिलं, तर हवा कमी आणि आग जास्त. नजर तापमानाच्या काट्यावर. मर्यादेकडे झेपावताना दिसला की इंधन बंद, पण स्टार्टर चालूच ठेवायचा, आत हवा जात राहिली पाहिजे. घाबरून दोन्ही बंद करणं हीच नेहमीची चूक.

गरमटोक: इंजिन हवेत बंद पडण्याचंही बोलायला हवं. एका शाफ्टच्या इंजिनात वारा पंख्यामार्फत अख्खं इंजिन फिरवायला बघतो, अवरोध भयंकर. उलट टॉर्क, म्हणजे पंख्याकडून इंजिनाकडे येणारा पीळ, जाणवताच तो ओळखणारी एनटीएस यंत्रणा पात्यांचा कोन वाढवते, पण पूर्ण फेदर करत नाही. ते काम वैमानिकाचं.

शून्यशून्य: वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन आसनांचाही फरक नोंदवा. पीसी-7 मार्क 2 चं मार्टिन-बेकर आसन शून्य उंचीवर चालतं, पण किमान 60 नॉट वेग लागतो. एचटीटी-40 चं उभ्या विमानातूनही चालतं.