कोड शून्य, पण 'रेडिनेस' अपूर्ण. गाडीचा इसार द्यावा का?

आर्णीचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यावर शिक्षक आहे. पावसाळ्यात मोटरसायकलवर चिखल तुडवत शाळेत जायचा आता कंटाळा आला, म्हणून जुनी गाडी पाहून राहिलो. एक पेट्रोल हॅचबॅक मनात भरली आहे. २०१७ चं मॉडेल, बीएस-४, एमएच-२९ पासिंग. बॉडी चोख, एसी गार, चेक इंजिनचा दिवा लागत नाही. पीयूसी नुकतीच काढलेली.

भाच्याने ब्लूटूथवालं ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारं यंत्र, दिलं होतं, ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावून पाहिलं. फॉल्ट कोड एकही नाही. पण 'रेडिनेस'च्या, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या झाल्या की नाही ते दाखवणाऱ्या पानावर मिसफायर, फ्युएल सिस्टिम आणि कंपोनंट्स यांच्यापुढे हिरवी खूण. कॅटॅलिस्ट (धूर साफ करणारा कन्व्हर्टर), ऑक्सिजन सेन्सर आणि सेन्सर हीटर यांच्यापुढे 'अपूर्ण'. इव्हॅप (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेची तपासणी) यापुढे 'लागू नाही'. विकणारा म्हणतो, "बॅटरी नवी टाकली ना, म्हणून तसं दिसते." असं होतं का खरंच?

पऱ्हाटीवाला

गुरुजी, पीयूसी हाये, दिवा लागत नाही, आणखी काय पाहिजे? मोबाइल पाहत बसाल तं गाडी दुसराच घेऊन जाईन.

स्पॅनर_दारव्हा

घेऊन जाऊ द्या ना मंग त्याले. सर, इसार देल्ला नसन तं थांबा जरा.

पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालते अन् त्या घडीचा धूर मोजते. तुमच्या बीएस-४ पेट्रोलले आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के अन् एचसी (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएमच्या आत पाहिजे, मंग रेस वाढवून लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण. बस. गाडीच्या कॉम्प्युटरले तो काहीच विचारत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तपासणीवाले सॉकेटात वायर लावूनच पाहतात, अन् ठरल्यापेक्षा जास्त मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या, अपूर्ण असले तं गाडी वापस पाठवतात. आपल्या पीयूसीत ती भानगडच नाही, म्हणून विकणाऱ्याचं फावते.

तुम्ही मास्तर हा, तुम्हाले लवकर समजन: शून्य कोड म्हणजे पोरगं पास झालं असं नाही. पेपरच झाला नसन तं नापास कुठून होईन? 'अपूर्ण' म्हणजे पेपर व्हायचा हाये. तुमचे हिरवे तीन तं इंजिन चालू असेस्तोवर तपासणं चालूच ठेवतात, म्हणून ते दिसले तरी त्याच्यात जीव नाही. कॅटॅलिस्ट अन् ऑक्सिजन सेन्सरले ठरावीक परिस्थिती लागते, ती मिळेपर्यंत कॉम्प्युटर गप्प बसते. इव्हॅपची चिंता नोका करू, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो मॉनिटरच नसते.

बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत हे सारं पुसल्या जाते, तेवढं त्याचं खरं. पण स्कॅनरनं कोड उडवले तरी पान असंच दिसते. म्हणून अ‍ॅपच्या लाइव्ह डेटात 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' शोधा. सोबत 'वॉर्म-अप'चा आकडाही असते, म्हणजे पुसल्यावर इंजिन किती खेपा थंडं होऊन गरम झालं. मंग बॅटरीचं वॉरंटी कार्ड मागा अन् तारीख ताडून पाहा.

चावी ऑन करा, स्टार्टर नोका मारू. चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तं कोणीतरी मीटर खोलून हात मारला असन.

आर्णीचा_मास्तर

दिवा लागतो, स्टार्ट केल्यावर विझतो. अंतर ११ किमी दाखवते, वॉर्म-अप २. बॅटरीच्या कार्डावर तारीख मागच्या नोव्हेंबरची आहे, आणि आता मे.

पऱ्हाटीवाला

११ किमी! मी माहे शब्द वापस घेतो बावा.

गोठ्याकाठी

सर, बोनेट उघडून सायलेन्सरच्या मुंडीजवळची वायरिंगही पाहा. आमची गाडी कापूस भरलेल्या खोलीला लागून उभी असे. उंदरांनी ऑक्सिजन सेन्सरची वायर पार तांब्यापर्यंत कुरतडली, तेव्हा पी०१३५ आला होता, म्हणजे हीटरचाच. नवी काळी टेप गुंडाळलेली दिसली तर का गुंडाळली ते विचारा. आणि आरसीवर आधी सीएनजीची नोंद होती का तेही बघा. किट काढून टाकलेल्या गाडीत इंजेक्टरच्या वायरी कापून जोडलेल्या सापडतात.

स्पॅनर_दारव्हा

उंदराची गोष्ट बरोबर हाये, माह्या दुकानात पेरणीनंतर अशा गाड्या येतातच.

सर, नोव्हेंबरची बॅटरी अन् ११ किमी. मधात कोणी टर्मिनल खोललं असन तं गोष्ट वेगळी, पण नव्या बॅटरीचा बहाणा गेला. आता मालकाले म्हणा, एक सकाळ गाडी द्या. द्यायले कुरकुर केली तं तिथंच समजून जा.

रात्रभर उभी राहू द्या. टाकी अर्ध्याच्या आसपास असू द्या, रिझर्व्हवर नोको. पहाटेच निघा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ ले टेकते, टिनाच्या शेडातली गाडी दुपारी थंडी होतच नाही, अन् काही गाड्यांचा कॉम्प्युटर थंड्या स्टार्टशिवाय मॉनिटर सुरूच करत नाही. एसी बंद. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, मंग यवतमाळकडच्या हायवेले लागा. गावच्या रस्त्यानं बैलबंडी अन् खड्डे चुकवत हे होणार नाही. ७०-८० वर पाय स्थिर ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालवा. मंग मागं कोणी नाही पाहून पाय काढा, ब्रेक न मारता गिअरमध्येच ४० पर्यंत येऊ द्या. असं दोन-तीनदा. हीटर अन् सेन्सर आंधी हिरवे होतात, कॅटॅलिस्ट बहुधा सर्वात मागून. एका सकाळी नाही झाला तं दुसऱ्या दिवशी पुन्हा.

वापस आल्यावर निसते कोड नोका पाहू, 'पेंडिंग' कोडही पाहा, म्हणजे एकदा दिसलेले पण अजून पक्के न झालेले. कॅटॅलिस्टचा फॉल्ट पहिल्या फेरीत पेंडिंगमध्येच बसते, दिवा मागून लागते. पी०४२०, म्हणजे कॅटॅलिस्टचा कोड, दिसला तं कन्व्हर्टर गेलाच असं लगेच नोका समजू, सायलेन्सर लीक असला तरी येते. पण भाव बोलताना नव्या कन्व्हर्टरचे पैसे वजा धरूनच बोला.

अन् फोन बाजूच्या सीटवरच्या माणसाजवळ द्या. अ‍ॅपमधलं 'क्लिअर'चं बटन दाबू नोका म्हणा, नाहीतं सारं पुन्हा पहिल्यापासून.