पणजीच्या फोटोतल्या बाहीवरून रिसेप्शनचं पोलकं: सल्ला हवा

मधुरा_बडोदा: डिसेंबरात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. रिसेप्शनसाठी स्वतःचं पोलकं स्वतः बेतून शिवायचं ठरवलंय. कल्पना पणजीच्या फोटोवरून सुचली. फोटो इथल्याच एका स्टुडिओतला, मागे तारीख नाही. नऊवारी, गळाबंद पोलकं, बाही खांद्याशी भरपूर फुगलेली आणि कोपराखाली हाताला चिकटलेली, गळ्याला लेसची झालर. माझी साडी फिकट गुलाबी शिफॉनची सहावारी. सगळं जसंच्या तसं केलं तर नाटकातल्या पात्रासारखी दिसेन अशी धास्ती वाटते. काय ठेवू, काय सोडू?

काठपदर: मधुराताई, बाही ठेवा, झालर सोडा. ही बाही 1890च्या दशकात युरोपात फार चालली. मेंढ्याच्या तंगडीसारखा आकार, म्हणून तिकडे नावही तसंच पडलं. आपल्याकडे ती इंग्रजी पेहरावातून आली आणि नऊवारीवर बसली. अशी देवघेव तेव्हा सर्रास चालायची. ज्ञानदानंदिनी देवी टागोर 1860च्या दशकात पती सत्येंद्रनाथ यांच्याबरोबर मुंबईला आल्या. इथल्या पारशी बायकांचं नेसणं पाहून त्यांनी स्वतःची पद्धत बसवली: पदर डाव्या खांद्यावर, आत पोलकं आणि परकर. आज आपण सहावारी नेसतो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यामुळे पणजीची बाही तुम्ही सहावारीवर नेलीत तर बिचकायचं कारण नाही.

शुभदा_पुणे: बडोद्याचं घर आणि शिफॉन, छान जुळलंय गं! सयाजीरावांची लेक इंदिराराजे 1913 साली कूचबिहारच्या राजघराण्यात गेली. फ्रान्समधून शिफॉनच्या साड्या विणून घेऊन तिनंच ते वस्त्र राजघराण्यांत रुळवलं, असं मानतात. तिची लेक गायत्रीदेवी, जयपूरची महाराणी. फिकट रंगाचं शिफॉन आणि मोत्यांचा सर म्हटलं की आजही तीच डोळ्यांपुढे येते. म्हणून तुझ्या गळ्यात फक्त तन्मणी असावा. झालर आली की तो झाकला जाईल. एक मात्र सांभाळ, शिफॉन घसरतं. फुगा खांद्याच्या टोकावरच उभा राहिला तर पदर ठरणार नाही. डावी बाही इंचभर खालून फुगव, नाहीतर पदराची पट्टी बारीक घेऊन आतून पिन लाव.

शिवणघर: मी बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय, त्यावरून सांगते. आधी मांजरपाटावर बाही बेतून बघा, चांगल्या कापडाला एकदम कात्री लावू नका. वरच्या भागाला दीडपट रुंदी पुरे. दुप्पट घेतलीत तर फोटोत खांदेच दिसतील. पोलकं शिफॉनचं नको, फुगा पडून जाईल. रेशमी क्रेप घ्या आणि चुण्यांच्या आत ऑर्गंझाची पट्टी घाला, ती फुगा धरून ठेवते. खालचा भाग घट्ट, म्हणजे मनगटापाशी चीर आणि हुक हवेतच, नाहीतर हात घालतानाच शिवण उसवेल. कोपराला एक छोटा टक द्या. जेवताना हात वाकणार आहे ना! गळा बंदच ठेवायचा असेल तर मागून हुक लावा.

काठपदर: आणि पुण्याला आलात तर राजा केळकर संग्रहालयातले जुने कपडे जरूर पाहा. चुण्या कुठे घेतल्यात ते फोटोत कधीच नीट कळत नाही.

मधुरा_बडोदा: सगळ्यांचे मनापासून आभार. झालर रद्द, तन्मणी नक्की. मांजरपाट उद्याच आणते. शिवणघरताई, ऑर्गंझाची पट्टी आडव्या धाग्यावर कापू की तिरकी?

शिवणघर: तिरकी. गोलाईत नीट बसते.