आरोग्य पत्रकारितेच्या पुरस्कारासाठी मालिका पाठवताना सोबत काय काय जोडावं?

जिल्हा_आवृत्ती:
ऊसतोड मजूर महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर आमच्याकडे तीन भागांची मालिका छापून आली आहे, तिसरा भाग सोबत जोडलाय. संपादक म्हणतात, लाडली आणि रामनाथ गोएंका या दोन्ही पत्रकारिता पुरस्कारांकडे पाठवा. शंका तीन.
१) 'सहापट' असा मथळा आहे. बीडमध्ये २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले देशाचे सुमारे ३ टक्के. ही तुलना परीक्षकांपुढे टिकेल का?
२) पुरावा म्हणून डिस्चार्ज कार्डांच्या प्रती द्याव्यात का?
३) प्रवेशिकेसोबतचं एकच टिपण दोन्हीकडे चालेल का?

हर_आणि_छेद:
आधी मथळ्याचं बोलू, कारण परीक्षकांत एक जरी सार्वजनिक आरोग्यातला माणूस असला तरी त्याची नजर तिथेच जाणार. १३,८६१ भागिले ८२,३०९ म्हणजे जवळपास १७ टक्के, इथपर्यंत ठीक. पण कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा फक्त १५ ते ४९ वयाच्या बायकांचा आहे. समितीने पाहणी केलेल्या महिलांचं वय तुम्ही कुठेच दिलेलं नाही. त्यात पन्नाशीपुढच्या असतील तर पट आपोआप फुगतो. शिवाय देशाची सरासरी ही मोजपट्टी म्हणून तोकडी आहे: कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आंध्र आणि तेलंगणात हेच प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आहे. छापलेला मथळा आता बदलता येत नाही, पण टिपणात दोन ओळी लिहा: दोन्ही आकड्यांचे वयोगट सारखे नाहीत, म्हणून 'सहापट'पेक्षा 'समितीच्या पाहणीतल्या दर सहा महिलांमागे एकीची पिशवी काढलेली' हे विधान जास्त नेमकं. पहिल्या भागात तसा खुलासा छापून आला असेल तर त्याचं कात्रणही जोडा. स्वतः सांगितलेली मर्यादा खपते. परीक्षकाने शोधून काढलेली महागात पडते.

तिसऱ्या भागात वैद्यकीय बाजू लंगडी आहे. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, हे एकाही महिलेच्या बाबतीत लिहिलेलं नाही. तिशीतल्या बाईची अंडाशयं काढली तर पाळी लगेच कायमची जाते आणि हाडं लवकर ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. बातमीचं खरं गांभीर्य तिथे आहे. 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून शस्त्रक्रिया केली असेल तर काढलेल्या पिशवीचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेत केलेल्या पेशींच्या तपासणीचा अहवाल, असायला हवा. तो आहे का, हा प्रश्न रुग्णालयाला विचारला होता का? आणि गोळ्या, हार्मोनची तांबी असे पर्याय सांगितले गेले होते का? विचारलं असेल आणि उत्तर आलं नसेल, तर कोणत्या तारखेला काय पाठवलं ते टिपणात द्या.

कात्रणवाला:
डिस्चार्ज कार्डाबद्दल. मूळ प्रत कुणालाही पाठवू नका. नाव, केस पेपर नंबर, मोबाइल, पत्ता, नवऱ्याचं नाव सगळं झाकायचं. पण पीडीएफवर नुसती काळी चौकट ओढली तर खालची अक्षरं तशीच राहतात, कुणीही कॉपी करून वाचू शकतं. प्रिंट काढा, मार्करने झाका, उजेडासमोर धरून पाहा, मग स्कॅन करा. फोटोत चेहरा धूसर करून भागत नाही. वाडीचं नाव, वय आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाचं नाव एकत्र आलं की गावाला बाई कोण ते कळतं. छापण्याची संमती म्हणजे कागदपत्रं तिसऱ्याला दाखवण्याची संमती नव्हे. ती वेगळी, लेखी, मराठीतच घ्या आणि वाचून दाखवा.

कात्रणाचं म्हणाल तर बातमी कापून देऊ नका, अख्खं पान द्या, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असं. ई-पेपरच्या लिंका काही महिन्यांत मरतात. तुमचा मजकूर श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टात असेल तर कॉपी केल्यावर अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये आणून काना-मात्रा पुन्हा तपासा, जोडाक्षरं हमखास तुटतात. भाषांतर मागितलं असेल तर परिच्छेदांना दोन्हीकडे सारखेच क्रमांक द्या. आणि तिन्ही भाग पुरस्काराच्या मुदतीत छापलेले आहेत ना ते बघा. एखादा भाग बाहेर पडत असेल तर मालिका म्हणून पाठवण्यात अर्थ नाही.

पुरस्कर्ता_कोण:
एकच टिपण चालणार नाही. लाडली हे मुंबईच्या पॉप्युलेशन फर्स्टचे पुरस्कार, लिंगभाव संवेदनशीलतेसाठीचे. तिथे रजा, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, पाळीमुळे बुडणारी मजुरी हे आधी यायला हवं. गोएंका २००६ पासून दिले जातात आणि तिथे भारतीय भाषांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे शोध कसा घेतला हे ठळक करा.

टिपणाचा नमुना हवा असेल तर अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ हेल्थ केअर जर्नलिस्ट्सचे पुरस्कार बघा. २००४ पासून चालतात, औषध कंपन्यांच्या पैशाविना. प्रवेशिकेसोबत प्रश्नावली भरावी लागते: कल्पना कुठून आली, कोणत्या नोंदी वापरल्या, अडचण काय आली, नंतर दुरुस्ती छापावी लागली का. अशा अनेक भरलेल्या प्रश्नावल्या त्यांच्या संकेतस्थळावर आहेत.

पैसा कुणाचा हे मात्र बघायचंच. चेन्नईच्या 'रीच' या संस्थेचे क्षयरोग पत्रकारितेचे पुरस्कार लिली या औषध कंपनीच्या एमडीआर-टीबी (औषधांना दाद न देणारा क्षयरोग) भागीदारीतून दिले जात, आणि लिली ही याच आजारावरच्या सायक्लोसेरीन या औषधाची मूळ उत्पादक.

कात्रणवाला:
हे जरा एकांगी झालं. 'रीच' क्षयरोगात कित्येक वर्षं काम करते आणि भारतीय भाषांतल्या बातम्यांना तिथे स्वतंत्र जागा होती, हेही सांगायला हवं. परीक्षक कोण आणि निवडीत पुरस्कर्त्याचा हात आहे का, हे विचारा, मग ठरवा.

जिल्हा_आवृत्ती:
वयोगटाचा मुद्दा पटला. पुढच्या भागासाठी ताजे आकडे माहिती अधिकारात मागता येतील का?

हर_आणि_छेद:
येतील. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी सिव्हिल सर्जनची परवानगी घ्यायला लावली होती. तीच नोंद मागा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्द, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. रुग्णांची नावं मागितलीत तर वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळतील. त्यापेक्षा महिनावार, तालुकावार, वयोगटवार संख्या, आणि परवानगी नाकारलेले अर्ज किती, हे मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. 'माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर नोंदवहीची प्रत्यक्ष पाहणी मागा आणि नावाचा रकाना झाकून दाखवा असं अर्जातच लिहा.